एक शब्द तरी

परराष्ट्र खात्याच्या शिष्टाचार विभागात तिला पाठीमागे सगळे छत्रीबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. परदेशातला कोणी मोठा माणूस विमानातून उतरला की शिडीच्या पायथ्याशी छत्री उघडून उभं राहायचं, हे तिचं काम. ऊन असो, भुरभुर असो, नाहीतर काहीच नसो, छत्री हवीच. पाहुण्याच्या डोक्यावर सावली आणि स्वतःचा अर्धा खांदा बाहेर. विभागप्रमुख झाल्यावर हे काम खालच्यांवर ढकलता आलं असतं. पण नव्या राजदूताला घ्यायला प्रमुखानेच जायचं असा खात्याचा नियम होता, आणि नियमांच्या बाबतीत ती सख्ख्या आईचंही ऐकत नसे.

म्हणून त्या दिवशी टेबलावर आलेली फाईल उघडून तिने आतला फोटो पाहिला, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आधी उभी राहिली ती छत्री. फोटोतला माणूस जाडावला होता. केस मागे हटले होते. डावी भुवई मात्र तशीच होती, उजवीपेक्षा जरा वर, सगळ्या जगाने येऊन आपल्याला खुलासा द्यावा अशी. शेजारच्या मोठ्या देशाने या गृहस्थाला आपला राजदूत म्हणून इकडे पाठवायचं ठरवलं होतं, आणि तुमची संमती आहे ना, असं अदबीने विचारलं होतं.

"मेल्या," ती फोटोला म्हणाली, "तुझ्या डोक्यावर मी छत्री धरू?"

इथे या धंद्यातली एक रीत सांगून टाकायला हवी. राजदूत नेमायचा झाला की एक देश दुसऱ्याला गुपचूप विचारतो. माणूस पसंत असला तर थोड्या आठवड्यांत होकार जातो. पसंत नसला तर नकार जात नाही. नकार नावाची चीजच या दुनियेत नाही. उत्तरच द्यायचं नाही, बस. आठवडे जातात, महिने जातात, कोणी कारण विचारत नाही, कोणी सांगत नाही, आणि शेवटी विचारणाऱ्याने काय ते ओळखून नाव मागे घ्यायचं. सभ्य माणसांनी एकमेकांच्या कानाखाली वाजवायची ही पद्धत आहे. आवाज होत नाही आणि गाल मात्र बरीच वर्षं लाल राहतो.

तिने फाईलवर "हरकत नाही" एवढं लिहून ती वर पाठवायची होती. तिने ती उचलली, टेबलाच्या खालच्या कप्प्यात छत्रीशेजारी ठेवली आणि कप्पा बंद केला. त्या संध्याकाळी ती घरी गाणं गुणगुणत आली. आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"पगार वाढला?"

"नाही."

"मग कोणाचं तरी वाईट झालेलं दिसतंय," आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. आईने लेकीला चांगलंच ओळखलं होतं.

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. ठिकठिकाणची विद्यार्थी मंडळी इंटरनेटवर जमून एक खोटी जागतिक परिषद भरवत. चिठ्ठ्या टाकून एकेकाला एकेक देश मिळे आणि मग सगळे आपापल्या खोलीत कोट घालून, खाली घरातली विजार, असे तासन्तास भांडत. त्याला महासत्ता मिळाली. तिला नकाशावर टाचणी टोचल्यावर उरतं तेवढं एक बेट. महासत्तेने समुद्राबद्दलचा एक ठराव मांडला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि हे बेट एकटं आडवं गेलं. दोन दिवस तिने ठराव पुढे सरकू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या खासगी खात्यावर निरोप आला: "बेट, तुला बुडवायला मला एक लाट पुरेल."

तिने लिहिलं, "महासत्तेला पोहता येतं का ते आधी बघ."

मग काय, परिषद संपली आणि ही दोघं सुरू झाली. तो त्याच्या देशातल्या एका स्वयंपाकघरात बसलेला, मागे दोरीवर पायमोजे. ती तिच्या इमारतीच्या जिन्यात, कारण सिग्नल तिथेच यायचा. दोघांनाही आपापल्या देशाच्या परराष्ट्र सेवेत जायचं होतं, आणि दोघांच्याही डोक्यात तेच एक वारं. ती त्याची खोटी मुलाखत घ्यायची, तो तिची. "मला वाटतं" हे शब्द तिच्या तोंडून आले की तो टेबलावर चमचा आपटायचा. "वाटायचं काम कवींचं. तू राजदूत आहेस. तुला माहीत असतं." त्याची उत्तरं लांबलचक असायची, ती कात्री घेऊन बसायची आणि निम्म्यावर आणायची. पुढचं स्वप्नही ठरलेलं: ती दुसऱ्या कुठल्याशा राजधानीत एका रस्त्याच्या अलीकडे राहणार, तो पलीकडे. दोन देशांचे दोन झेंडे, आणि मधल्या रस्त्यावर दोघांचं एक कुत्रं. कुत्र्याचं राष्ट्रीयत्व काय, यावर त्यांचं एक अख्खं भांडण झालं होतं.

आईला सगळं माहीत होतं. ती त्याला "डब्यातला" म्हणायची. "तुझा तो डब्यातला जेवला का, विचार," असं जिन्यात डोकावून सांगायची. एकदा त्याने डब्यातूनच आईला नमस्कार केला होता आणि आईने पदर सावरून केस नीट केले होते. त्या एका गोष्टीसाठी छत्रीबाईंनी त्याला कधी माफ केलं नाही. आपलं काय, आपण तरुण होतो, मूर्ख होतो. पण आईने केस नीट केले होते.

त्याच्या खऱ्या मुलाखतीच्या दिवशी तिने लिहिलं: "कशी झाली? एक शब्द तरी सांग." निरोपाखाली "वाचलं" असं उमटलं. बस, एवढंच. नंतर काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही, आठवड्यानंतर काही नाही. आधी तिला वाटलं अपघात झाला. तिने त्याच्या शहरातल्या अपघातांच्या बातम्या शोधून काढल्या. मग वाटलं आजारी असेल. मग एक दिवस निवड झालेल्यांचा फोटो आला आणि त्यात हा, हारतुरे घालून, भुवई वर.

याच मधल्या दिवसांत तिची स्वतःची मुलाखत झाली. फोन पर्समध्ये, पर्स मांडीवर, आणि सगळा जीव पर्समध्ये. समोरच्या तिघांनी अगदी सोपं विचारलं आणि ती दर वाक्याला "मला वाटतं" म्हणत राहिली. निवड हुकली. पुढच्या वर्षी वय निघून गेलं. मग खात्याच्या अंतर्गत नोकरीत ती चिकटली, जिथून कोणालाच परदेशी पाठवत नाहीत. परदेशी जाणाऱ्यांचे हार, परदेशाहून येणाऱ्यांच्या खुर्च्या, आणि छत्री. तिच्या स्वतःच्या पासपोर्टवर आजवर एकही शिक्का उमटला नव्हता.

कारण तिला पुष्कळ उशिरा कळलं, परिषदेतल्या एका जुन्या मैत्रिणीकडून. त्याच्या मुलाखतीत विचारलं होतं, दुसऱ्या देशातल्या कोणाशी तुमची जवळीक आहे का. तो म्हणाला होता, नाही. आणि मुलाखतीत खोटं बोलायला नको म्हणून, मैत्रीण म्हणाली, त्याने ते त्याच दिवसापासून खरं केलं. किती प्रामाणिक माणूस! छत्रीबाईंना तेव्हा इतका राग आला होता की हातातला कप तिने घासून घासून त्याच्यावरची फुलं काढली.

तर फाईल खालच्या कप्प्यात राहिली.

आता कोणी म्हणेल, एका बाईने फाईल दाबली आणि मोठमोठ्या साहेबांना कळलं नाही? तीच तर गंमत. सरकारी शांततेचा एक गुण आहे: प्रत्येकाला वाटतं ती वरून आली. सचिवसाहेबांना वाटलं मंत्र्यांचं काही तरी असेल. मंत्र्यांच्या कचेरीला वाटलं गुप्तचरांनी काही कळवलं असेल. गुप्तचरांना वाटलं हे राजकारण आहे, आपण कशाला नाक खुपसा. आणि विचारायचं कोणी? विचारलं तर आपल्याला माहीत नाही हे दिसणार. त्यापेक्षा सगळे मान हलवून, "हो, ते जरा नाजूक प्रकरण आहे," म्हणू लागले. छत्रीबाई सगळ्यांपेक्षा गंभीरपणे मान हलवायची.

शेजारच्या देशाच्या दूतावासात तोपर्यंत एक प्रभारी अधिकारी कारभार बघत होता. गोरागोमटा, घामट आणि मनाने भला माणूस. तो चहाला येऊ लागला. थेट विचारायची सोय नाही, म्हणून तो आडून आडून यायचा.

"मॅडम, राजदूतांच्या बंगल्याला रंग काढायचा म्हणतोय. आत्ता काढावा की थांबावं?"

"रंग काय, कधीही काढता येतो," ती म्हणायची. "बिस्किट घ्या."

पुढच्या खेपेला त्याने बागेचं काढलं. त्याच्या पुढच्या खेपेला स्वयंपाक्याचं. ती प्रत्येक वेळी बिस्किटांची बशी पुढे करायची आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. तो गेला की ती कप्पा उघडायची, फोटोकडे बघायची आणि पुन्हा बंद करायची. खरं सांगायचं तर त्या तीन-चार महिन्यांत तिची पाठदुखी गेली. रंग उजळला. आई म्हणाली, "तुला हे जे काही झालंय ते बरं होऊ देऊ नकोस."

मग सगळं उलटं फिरलं.

एके दुपारी सचिवसाहेब स्वतः तिच्या खोलीत आले. खोलीत येण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते दारातल्या कुंडीला अडखळले. पण चेहरा असा फुललेला की कुंडीलाही हसले.

"बाई, कमाल झाली! आपल्या फळांचे कंटेनर सोडले त्यांनी! सगळे! दोन वर्षं मी त्यांच्या दाराशी डोकं आपटतोय, तपासणीच्या नावाखाली बंदरात माल कुजवत होते. आज पत्र आलं. तपासणीच रद्द."

"असं अचानक?"

"अचानक कसलं! घाबरले. आपण त्यांच्या राजदूताला संमती देत नव्हतो ना, ते म्हणे फळांमुळे. त्यांनी महिनाभर बसून शोध लावला की आपलं घोडं फळांपाशी पेंड खातंय." साहेबांनी आवाज खाली केला. "ही कल्पना कोणाची होती हो? मंत्रीसाहेबांची?"

"मला नक्की सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"ज्याची असेल त्याचे पाय धरले पाहिजेत. बरं, आता ताणायचं नाही. होकार देऊन टाकू. तुम्ही कागद तयार करा, मंत्र्यांची सही मी आजच आणतो. उद्या सकाळी त्या प्रभारींना बोलावून हातात द्या. आणि माणूस आला की स्वागत जरा झोकात हं!"

साहेब गेले. ती खुर्चीत बसून राहिली. स्वतःच्या हाताने खड्डा खणावा आणि त्यातून शत्रूला पाणी लागावं, तसं झालं होतं. तिने गप्प बसून त्याला अडवलं, आणि त्या गप्प बसण्याची किंमत म्हणून आता त्यालाच खुर्ची मिळणार होती. वर झोकात स्वागत! तिने होकाराचा कागद टाइप केला. त्याचं नाव लिहिताना तिने की-बोर्ड असा बडवला की दाराबाहेरच्या टेबलावरची टायपिस्ट वळून बघायला लागली. संध्याकाळी सही होऊन कागद परत आला. ती तो लिफाफ्यात घालून, कप्प्यात ठेवून, घरी आली.

आई पोळ्या लाटत होती. ती तोंड धुऊन बसली आणि फोन वाजला. नेहमीचा आवाज नव्हता तो. ते जुनं खातं, जे तिने कधी वापरलं नाही आणि कधी पुसलंही नाही, त्याचा होता. पडद्यावर सुरुवातीचे दोन शब्द दिसत होते: "बेट, आहेस?"

तिच्या छातीत असं काही धडधडलं की तिला स्वतःचाच राग आला. एवढ्या वर्षांनी, एवढं सगळं होऊन, मेलं काळीज अजून उठून उभं राहतं! तिने निरोप उघडला.

"बेट, आहेस? तिथल्या समारंभाच्या एका फोटोत तुला पाहिलं, छत्री घेऊन उभी होतीस. लगेच ओळखलं. छान वाटलं. तुझ्याच विभागात माझं प्रकरण अडकलंय असं दिसतं. फळांचा प्रश्न आम्ही सोडवला, तरी आज दिवसभर काही हालचाल नाही, म्हणजे कारण दुसरंच असणार. उद्या सकाळी आमच्याकडे बैठक आहे. थांबायचं की नाव मागे घ्यायचं, ते मलाच ठरवायला सांगितलंय. थांबलो आणि तुमच्याकडून आलंच नाही तर माझी शोभा होईल, नोकरीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मागे घेतलं तर राजदूतपद गेलं ते गेलंच, पण निदान एखाद्या प्रशिक्षण केंद्रात खुर्ची देतील. तू आतली आहेस. काही फार विचारत नाही. एक शब्द तरी सांग."

तिने ते पुन्हा वाचलं. माफी शोधली, नव्हती. आईची चौकशी शोधली, तीही नव्हती. छान वाटलं म्हणे. आणि शेवटची ओळ, तिचीच, शब्दाला शब्द. त्याला ते आठवतही नव्हतं. आठवून लिहिलं असतं तर निदान डाव तरी म्हटला असता. विसरून लिहिलं होतं, आणि ते तिला जास्त झोंबलं.

तिने लिहायला सुरुवात केली. होकार झालाय, उद्या मिळेल, एवढं लिहिलं असतं तर माणूस सुटला असता. बोट पहिल्या अक्षरावर गेलंही. मग तिला मांडीवरची पर्स आठवली. समोरच्या तिघांचे चेहरे आठवले. जिन्यात पदर सावरणारी आई आठवली.

"कोण गं?" आईने विचारलं.

"डब्यातला."

आईचं लाटणं थांबलं. मग म्हणाली, "जेवला का, विचारलंस?"

दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की पोळी तव्यावर करपली. छत्रीबाईंनी फोन पालथा ठेवला. त्याच्या बाजूला आता "वाचलं" असं उमटलेलं असणार, हे तिला पक्कं माहीत होतं. ती जेवली, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी प्रभारी अधिकारी बोलावल्याप्रमाणे आला. डोळे सुजलेले, रुमाल कपाळावर. तिने त्याला बसवलं. लिफाफा कप्प्यात होता आणि कप्पा तिच्या हाताशी. पण या खोलीची एक रीत होती: पाहुण्याने आधी बोलायचं, घरच्याने मग. नियमांच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नसे, हे वर सांगितलंच आहे.

"आधी तुमचं बोला," ती म्हणाली.

त्याने घसा साफ केला. "मॅडम, कळवायला खेद होतो. आम्ही ज्यांचं नाव सुचवलं होतं त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव... म्हणजे, ते नाव आम्ही मागे घेत आहोत. आत्ता तासाभरापूर्वीच ठरलं."

"अरेरे," ती म्हणाली. "फार काही गंभीर?"

"नाही, नाही. तब्येतीला हवा मानवणार नाही असं त्यांनाच वाटलं."

"बिस्किट घ्या," ती म्हणाली, आणि त्याने दोन घेतली.

सचिवसाहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, पण होकार तर सही होऊन पडलाय! त्यांना कोणी काही बोललं का? आपल्याकडून कोणी काही?"

"नाही साहेब," ती म्हणाली. "आपल्याकडून एक शब्दही गेला नाही."

हे अगदी खरं होतं, आणि साहेबांचं समाधान झालं. फळं सुटली होती, राजदूत काय दुसरा येईल.

ती आपल्या खोलीत आली. दार लावलं. कप्प्यातला लिफाफा काढून, फाडून, सहीचा कागद टेबलावर नीट पसरला. मंत्र्यांची सही जाड शाईची, ठसठशीत, कालच्या तारखेची. तिने फोन काढला. त्याचा निरोप तसाच तिथे होता, आणि वरती त्याचं नाव हिरव्या ठिपक्यासह: तो पलीकडे बसला होता, कुठेतरी, हातात फोन घेऊन. एक शब्द तरी सांग, असं त्याने विचारलं होतं. विचारणाऱ्याला उत्तर द्यावं. ती काही असभ्य नव्हती.

तिने एक शब्द टाइप केला, "होकार", आणि त्या मागोमाग कागदाचा फोटो पाठवला, तारीख स्पष्ट दिसेल असा.

खाली लगेच "वाचलं" असं उमटलं. मग तो लिहितोय असं दिसू लागलं. थांबलं. पुन्हा दिसू लागलं, पुन्हा थांबलं. ती थोडा वेळ बघत बसली. मग हिरवा ठिपका गेला.

दारावर टकटक झाली. दुपारच्या विमानाने कुठलेसे व्यापारमंत्री येत होते, गाडी खाली उभी होती. तिने कप्प्यातून छत्री काढली आणि गाडीत जाऊन बसली.